मुरमात पडलेली वडी

वारंगा फाट्यावर २००७ साली गाड्या धुवायचं सेंटर टाकलं, तेव्हा हिरासिंगच्या गाठीला पुण्याच्या गॅरेजातली सहा वर्षं होती आणि क्लेची एकच वडी. क्ले म्हणजे साबणाच्या वडीएवढी मऊ, चिकट माती. गाडी धुतली की साबणाच्या पाण्यावर ती हलक्या हातानं फिरवायची. धुऊनही न निघणारे डांबराचे ठिपके, लोखंडाचा बारीक कीस ती ओढून घेते आणि रंग काचेसारखा गुळगुळीत लागतो. मातीनं गाडी साफ होते, हे बघायला त्याच्या तांड्यावरची माणसं मुद्दाम येऊन बसत.

कळमनुरीचे बियाणेवाले शिवहारशेठ यांची नवी काळी गाडी त्याच्याकडे आली ती गोपीचंदकाकांमुळे. काका त्याच तांड्याचे, शेठचे ड्रायव्हर. आपल्या तांड्याच्या पोराच्या हाताची तारीफ करकरून त्यांनी शेठला राजी केलं होतं.

बोनट अर्धं झालं आणि वडी निसटून मुरमात पडली. पडली की फेकायची, हे पुण्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण घरी भाकरीच्या पिठाचा गोळा भुईवर पडला, तर आई, रुख्मिणीबाई, वरचं खरवडून उरलेल्याची भाकर थापायची. टाकून देणं हिरासिंगच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यानं वरचा थर काढला, वडी पिठासारखी मळली, घडी घातली. राहिलेले मुरमाचे कण आत दबले आणि तीच वडी त्यानं पुन्हा बोनटावर फिरवली. थोड्या वेळानं उन्हात बोनटावर बारीक ओरखडे चमकले. त्यानं वरून पॉलिशचा जाड हात मारला. ओरखडे बुजले. काका त्याची पाठ थोपटून गाडी घेऊन गेले.

दोन धुण्यांत पॉलिश उतरलं आणि ओरखडे उघडे पडले. धुळीच्या फडक्यानं पुसतोस म्हणून शेठनं काकांना धरलं. काका शेठला घेऊनच सेंटरवर आले.

"तूच सांग हिरासिंग, तुला यातलं समजतं. फडक्यानं असं होऊन राहिलं का?"

हिरासिंगनं बोनटावरची नजर उचलली नाही. "होतं कधी कधी," तो म्हणाला.

शेठनं तिथंच काकांकडून किल्ली मागून घेतली.

नंतर तीन दिवस काका फाट्यावर ट्रकवाल्यांना काम विचारत फिरताना त्याला समोर दिसत होते. चौथ्या दिवशी त्यानं त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मला काहून सांगून राहिला? माझी चूक न्हाई, हे मला ठाऊकच व्हतं. शेठला सांग."

शेठच्या दुकानात गिऱ्हाइकं भरलेली होती. शेठ आत बस म्हणाले. आत गेलो तर धीर सुटेल, म्हणून हिरासिंग सगळ्यांदेखत उभ्यानंच बोलला.

"मग त्या दिशी तोंड काहून बंद होतं तुझं?" शेठनं विचारलं.

"पुण्याहून शिकून आलो म्हणून मिरवत होतो, शेठ."

कुणीतरी मागं हसलं. किल्ली काकांना परत मिळाली.

पुढं काळी गाडी रोज फाट्यावरून जायची. काका पहिल्यासारखा हॉर्न देत नसत, वेगही कमी करत नसत. हिरासिंग लांबूनच गाडी ओळखायचा आणि ती जाईस्तोवर हातातल्या पाइपाकडं बघत राहायचा.