पायांत उतरलेली क्रियापदं

पाठांतर डोक्यानं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कळव्याच्या गुणाजीचं पायांनी व्हायचं.

गुणाजी आगरी. मिठागरात हयात गेलेला. ठाण्याला रेल्वे येऊन तीसेक वर्षं झाली होती आणि खाडीकाठची लहान मिठागरं एकेक करून बंद पडत होती. तो राबायचा ते मिठागरही पुढल्या हंगामाला उघडणार नव्हतं. अशात खबर आली, की दमणचा एक व्यापारी आफ्रिकेत, पोर्तुगिजांच्या मुलखात मीठ पिकवणार आहे आणि त्याला मुकादम हवाय. अट एकच, फिरंग्यांची भाषा कामापुरती यायला हवी.

ठाण्यात चर्चमागं पास्कू राहायचा. गोव्याचा, आगबोटीवर स्वयंपाक करता करता म्हातारा झालेला. गुणाजी त्याच्याकडं खाडीतली निवट्यांची मासळी घेऊन जायचा आणि शब्द घेऊन यायचा. वस्तूंची नावं पटापट आली. घाम काढला तो क्रियापदांनी.

"मी करतो, फासु. तू करतोस, फाझिश. मी केलं, फिश," पास्कू म्हणाला.

"एका कामाला तीन तोंडं?"

"आता झोप. मी झोपतो, दुर्मु. तू झोपतोस, दॉर्मिश."

"मी झोपलू तं दु, तू झोपलास तं दॉ. मामा, या लोकांना झोप लागतं तरी कशी?"

"आणि तू 'जातो' म्हणतोस, मग 'गेलो' म्हणतोस. तुझ्या 'जा'चा 'गे' कुणी केला रे, शहाण्या? रोजच्या वापरातली भांडीच पोचे पडलेली असतात. गप पाठ कर."

पाठ काही होईना. ते दिवस मिठाच्या वाफ्यांचा तळ तुडवून घट्ट करायचे. गडी ओळीनं उभे राहून तालात पाय आपटत. गुणाजीनं त्याच तालावर म्हणायला घेतलं, डावा पाय फासु, उजवा फाझिश. आधी गडी हसले, मग त्यांनीही सूर धरला. शेजारचा भिवा विचारायचा, "आरं, आज आमाला झोपवतंस का राबवतंस?" वाफे घट्ट झाले तोवर सगळी वाकडी क्रियापदं गुणाजीच्या पायांत उतरली होती.

परीक्षा ठाण्यातल्या एका बंगल्यात झाली. व्यापाऱ्यानं धाडलेला फिरंगी साहेब पडवीत खुर्ची टाकून बसलेला, बाजूला दुभाषी प्रभाकरपंत. साहेबानं पोर्तुगीजमध्ये विचारलं, अवेळी पाऊस आला तर काय करशील? प्रश्न गुणाजीला कळला, उत्तरही ठाऊक होतं. पण साहेबापुढं पाय जुळवून उभं राहायची रीत. तो तसा उभा राहिला आणि तोंडातून एक शब्द फुटेना.

"मुका आहेस का?" पंत पुटपुटले.

गुणाजीनं डावा पाय उचलला आणि आपटला. फासु. मग उजवा. पडवीच्या फळ्या दणदणल्या आणि उत्तर आलं, सरळ, पुरतं.

साहेब दचकला, मग हसत सुटला. उत्तर बरोबर आहे, हे त्यानंच सांगितलं. आत हाक मारून त्यानं मडमेला बोलावलं आणि गुणाजीला हातानं खुणावलं, पुन्हा कर.

"कर रे," पंत हळूच म्हणाले. "मडम खूश, साहेब खूश. जागा तुझीच समज."

"सवाल कंचा हाय?"

"सवाल नाही रे. नुसते पाय आपट."

"सवाल असंल तं जवाब देतू, पंत. नाचाया नाय आलू."

आणि तो पायऱ्या उतरला. जागा दमणच्याच कुणाला तरी मिळाली.

घरी मालननं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. "चार वेळा पाय आपटून काय झिजलं असतं? आता खायाचं काय, तुझा ताठा?" पुढला हंगाम आला तेव्हा गुणाजी कल्याणकडं रेल्वेची खडी फोडत होता, आणि डोक्यावर पाटी घेऊन मालनही तिथंच होती. तिचं बोलणं खोटं नव्हतं. तरी माझ्यापुढं हा तंटा आणाल, तर मी गुणाजीच्या बाजूनं भांडेन.

तुमच्या पडवीतही कधी कुणी काम मागायला उभा राहील. त्याला प्रश्न विचारा, उत्तर ऐका. तो उत्तर देतो कसा, हे बघायला घरच्यांना बाहेर बोलावू नका.