पेंढीला सुतक

अब्राहम गेल्याचं मला त्याच्या नातीनं, रिव्कानं फोनवर सांगितलं. ‘काका, चारच दिवस उरलेले...’ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. कशाला चार दिवस, ते मला ठाऊक होतं. महिना होत आला, पण तो फोन आठवला की अजून संताप येतो.

खोपटच्या एसटी डेपोत आम्ही तीस वर्षं बरोबर नोकरी केली. अब्राहम बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. दरवर्षी वल्हांडणाचा सण लागला की रोज संध्याकाळी तो एकेक दिवस मोठ्यानं मोजायचा. हे काय, असं मी एकदा विचारलं. ‘ओमेर. म्हणजे पेंढी रे,’ तो म्हणाला. ‘नव्या जवाची पहिली पेंढी देवाला द्यायची आणि गहू हाती येईपर्यंत एकोणपन्नास दिवस मोजायचे. पुढे आमचं तिकडचं जुनं मंदिर पडलं, शेती सुटली, पेंढी गेली. मोजणी तेवढी राहिली.’ नंतर कधीतरी या दिवसांना कसल्याशा जुन्या संकटाचा शोक चिकटला. लग्न नको, हजामत नको. अब्राहमला ते कधीच पटलं नाही. सुगीचे दिवस ते, रडायचे कसे, म्हणायचा.

यंदा ओमेरच्याच दिवसांत अब्राहम खाटेला खिळला आणि डॉक्टरांनी मुदत फार कमी सांगितली. रिव्काचं लग्न ठरलेलंच होतं. ‘लगेच उरकून घ्या, खाटेवरून बघीन,’ अब्राहम म्हणाला. पण परदेशातून आलेल्या त्याच्या एका भाच्यानं फर्मान काढलं, ओमेरमध्ये लग्न म्हणजे पाप, सूट फक्त तेहतिसाव्या दिवसाला. आणि अब्राहमचा मुलगा, रिव्काचा बाप डॅनियल घाबरला; त्यानं लग्न तेहतिसाव्या दिवसावर ढकललं. ‘पप्पा, लोक काय म्हणतील?’

‘अरे, पेंढीला सुतक कुठून आलं?’ अब्राहमनं विचारलं. आवाज उरला नव्हता त्याच्यात. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी, तुमच्यातलं मला काय कळतं, अशा चेहऱ्यानं बसून राहिलो. डेपोत साहेबाशी भांडणारा मी, तिथं शेपूट घातली. भाच्याइतकाच राग मला स्वतःचा येतो.

अब्राहम एकोणतिसाव्या दिवशी गेला.

लग्न ठरलं होतं त्या संध्याकाळी मी टिटवाळ्याला त्यांच्या घरी गेलो. दुखवट्याचे सात दिवस चालू होते, डॅनियल जमिनीवर बसला होता. दिवस मावळला तशी रिव्का त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, ‘आज ओमेरचा तेहतिसावा दिवस. पप्पा, आज चालतं ना?’