मागच्या अहवालातलं वाक्य

सदाशिव पेठेतल्या आमच्या ऑफिसला समुद्राची ओळख नव्हती. तिसऱ्या मजल्यावर नळाचं पाणीसुद्धा मेहेरबानी केल्यासारखं यायचं. तरी समुद्राबद्दल आम्ही बिनदिक्कत लिहायचो. कारखाना, धरण, बंदर, काहीही काढायचं तर पर्यावरणाचा अहवाल लागतो, आणि तो कंपन्यांना तयार करून देणं हा आमचा धंदा. दोघंजण जागेवर जाऊन पाहणी करून यायचे आणि त्यांच्या टिपणांवरून मी अहवाल रचायचे.

रचायचे म्हणजे मागचा अहवाल उघडायचा, नव्या नावाने सेव्ह करायचा आणि गाव, तालुका, नदी बदलत जायचं. साहेब म्हणायचे, "मागच्यातलं घ्या, गाव तेवढं बदला. आपल्याला काही कादंबरी लिहायची नाहीये." शेजारच्या टेबलावरून एकदा विदर्भातल्या अहवालात कोकणातलं गाव तसंच गेलं होतं आणि त्यावरून आम्ही वर्षभर हसलो. माझ्या हातून अशी चूक कधी झाली नाही. मला त्याचा भलताच अभिमान होता.

मग एका जुन्या बंदराच्या विस्ताराचं काम आलं. खाडीच्या तोंडातून मोठी जहाजं आत येणार होती. आमची माणसं ऐन पावसाळ्यात गेली. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र खवळलेला. त्यांनी पाण्याचे नमुने भरले आणि परतीची एसटी पकडली. प्राण्यांच्या प्रकरणाला टिपणंच नव्हती. मी नदीकाठच्या एका कारखान्याचा अहवाल उघडला. त्यात वाक्य होतं: 'प्रकल्पक्षेत्रात जलचर सस्तन प्राणी आढळत नाहीत, त्यामुळे वेगळ्या उपाययोजनेची गरज नाही.' मी ते वाचलं आणि राहू दिलं. डॉल्फिन मी टीव्हीवर पाहिले होते, ते परदेशात असतात अशी माझी पक्की समजूत.

परवानगीआधी गावात जाहीर सुनावणी होते आणि तिथे अहवालाचा सारांश मराठीत वाचून दाखवायचा असतो. नेहमी वाचणारे गृहस्थ आजारी पडले, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. स्वारगेटहून गाडीत बसताना मी इस्त्रीची साडी सांभाळत होते.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. मी स्वच्छ आवाजात वाचत गेले. ते वाक्य आलं आणि मागून कुणीतरी हसलं. पुढे बसलेला एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य कोळी, उभा राहिला. "बाई, ते परत वाचा बघू."

मी परत वाचलं. आता कुणी हसलं नाही.

"कोणी लिवलंय हे?"

मी पान उलटलं. तो सुनावणी घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, धा मिनटं द्या. बाईंना किनाऱ्यावर नेतो." अधिकारीही उठून बरोबर आले.

वाळूत माशासारखी एक राखाडी मादी मरून पडली होती, माझ्या उंचीहून लांब. त्या पहाटेच किनाऱ्याला लागली होती म्हणे. पाठीवर एकापाठोपाठ एक घाव होते, सारख्या अंतरावर, ताटात वड्या पाडाव्यात तसे. एक मासेवाली शेजारी बसली होती. ती म्हणाली, "ही गादा. तुमी डॉल्फिन म्हनता ती. जुन्या जेटीवर बोट येते ना, तिच्या पंख्यानं कापली." मग तिने पोटाजवळ हळूच दाबलं. दूध आलं. "पिल्लू हाय हिला. काल संगं होतं."

मी हादरले. एका छोट्या बोटीने हे केलं असेल, तर मोठी जहाजं काय करतील? आणि 'उपाययोजनेची गरज नाही' हे मी लिहिलं होतं, पंख्याखाली, चहा पीत.

"लिवलं तर काय होतं?" तांडेलाने विचारलं.

"जहाजांना इथे वेग कमी ठेवावा लागतो. वाट बदलावी लागते."

"आन नाय लिवलं तर?"

मी मंडपाकडे वळले.

मंडपात परतल्यावर मी माइक मागून घेतला आणि म्हणाले, "हे वाक्य मी दुसऱ्या अहवालातून उचललंय. ते खोटं आहे. हे माझ्या नावाने लिहून घ्या." अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

पुण्यात साहेब म्हणाले, "वा! तुम्हाला वाचायला पाठवलं होतं, प्रवचनाला नाही." पण नोंद झाली होती, त्यांचा नाइलाज झाला. समुद्र शांत असताना नवी पाहणी झाली, वेगाची मर्यादा अहवालात आली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. नोकरीसुद्धा टिकली.

एका दुपारी सहज मनात आलं म्हणून ते वाक्य मी कॉम्प्युटरवर शोधलं. ते आणखी दोन जुन्या अहवालांत निघालं. दोन्ही बंदरांचे, दोन्ही माझ्याच हातचे. तिथल्या सुनावण्यांना मी गेले नव्हते. परवानग्या कधीच्या मिळाल्या होत्या आणि जहाजं सुरू होती.

मी दोन्ही अहवाल पहिल्या पानापासून वाचून काढले. गावांची नावं मी अगदी बरोबर बदलली होती.