वल्ह्याला लावलेला कान

मी सीवूड्सच्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. बहुतेकांना बायको नाहीतर सून ओढून आणते. खाडीकाठच्या करावे गावातले ते म्हातारे कोळी मात्र एकटेच आले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "बाय, मना आयकू येत नाय."

माझं हळू बोलणं तर त्यांना नीट कळत होतं. तरी तपासलं. अगदी बारीक आवाजालाही त्यांचा हात लगेच वर जायचा. मग नादकाटा वाजवून मी त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. आवाज हाडातूनही आतल्या कानापर्यंत पोचतो, हे नेहमीचं वाक्य सांगितलं.

ते हसले. "वल्ह्याचं पन तसंच. एक टोक पान्यात, दुसरं कानामागं. खाली धोमा मासा गुरगुरला की हाडात कलतं, मंग जालं टाकायचं. आता कायच येत नाय."

"काका, तुमचे कान एकदम चांगले आहेत."

वाटलं, खूश होतील. पण चेहरा पडला. "परत बघ ना. जरा तरी बहिरा असन."

परत बघितलं. कान तसेच, ठणठणीत.

भराव आपण टाकायचा, सांडपाणी आपण सोडायचं, आणि खाडी गप्प झाली की यांनी स्वतःच्या कानांवर संशय घ्यायचा!

टोपी घालून ते उठले. दारात थांबून म्हणाले, "कान गेलं असतं तर मशीन लावली असती. खाडीला काय लावू?"