कंसातल्या ओळी

कान्हे स्टेशनवर रोज सकाळी एक गृहस्थ माझ्या शेजारी बाकावर बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मोबाइलवर आवाज बंद करून सिनेमा लावायचे, खालच्या ओळी वाचायचे आणि सारखी मान वर करून रुळांकडे बघायचे. कारखान्यातल्या दणक्यात कान गेले, एवढं त्यांनीच एकदा मोठ्या आवाजात सांगितलं होतं.

त्या दिवशी मांडीवर लॅपटॉप घेऊन मी घायकुतीला आलो होतो. आमच्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल्समधल्या नको त्या ओळी गाळायची सोय दुपारपर्यंत साहेबांना दाखवायची होती. ‘दार वाजतं’, ‘कुत्रं भुंकतं’ अशा आवाज सांगणाऱ्या कंसातल्या ओळी पडद्यावरून घालवायच्या होत्या. एकदाची ती गाळणी चालली.

त्यांनी वाकून स्क्रीन पाहिली. “कंसातलं कुटं गेलं?”

मी टाइप केलं, ‘काढलं. उगाच गर्दी होते.’

त्यांनी मांडीवर थाप मारली. “आवो, दार वाजलं ह्ये मला कोन सांगनार? न्हाईतर मानूस बोलता बोलता मधीच उठून का गेला, ह्येच कळत न्हाई!”

मी वैतागलो. आता ऐनवेळी सगळं पुन्हा बदलायचं?

तेवढ्यात भोंग्यावरून घोषणा झाली आणि बाकांवरची माणसं उठून पुलाकडे पळाली. तेही दचकून उभे राहिले. एकदा पळणाऱ्यांकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, कंस उघडला आणि लिहिलं :

(लोकल आज पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर येते आहे.)