कागदाची मागची बाजू

वहीबाई सकाळपासून चार वेळा उठली, चार वेळा बसली. दिवंगत दिग्दर्शकसाहेबांच्या दिवाणखान्यात सतरंजीभर कागद पसरले होते आणि अभिलेखागारातले गृहस्थ हातमोजे घालून एकेक पान उचलत होते. लग्न जमवायला आल्यासारखे सावकाश.

एकतीस वर्षं तिनं साहेबांच्या शूटिंगची वही सांभाळली. नटाच्या शर्टाचा डावा कफ एका शॉटमध्ये उघडा असेल, तर पुढच्यातही उघडाच हवा. हे टिपायचं तिचं काम. साहेबांना मात्र कोरा कागद वापरायचा जिवावर यायचा. तिच्या वहीतली पानं टराटरा फाडायची आणि पाठीमागे पत्रं खरडायची. पोस्टात एक टाकलं असेल तर शपथ.

"पुढची बाजू : खाजगी पत्र," गृहस्थ यादीत लिहीत म्हणाले. "मागची : किरकोळ टिपणं."

"किरकोळ?" वहीबाई पाचव्यांदा उठली. "अहो, आधी मी लिहिलं, मग त्यांनी. मागची बाजू त्यांची."

"लोक बघायला येणार ते साहेबांचं अक्षर, बाई."

"कोणी काही बघणार नाही," साहेबांची बायको आतून आली. "पत्रं माझ्या मुलीला लिहिलीत. घरचं घरात राहील. सगळी कपाटात."

पत्रं कपाटात म्हणजे वहीबाईची एकतीस वर्षंही कपाटात, झुरळांच्या स्वाधीन.

"वहिनी, वाचलीत तरी का?"

"एक वाचलं. 'तू घरी ये, माझं चुकलं.' म्हातारपणी हातपाय गळाले तेव्हा सुचलं असेल. पोर भांडून घर सोडून गेली त्या आठवड्यात हा माणूस शूटिंग करत होता. एक दिवस थांबला नाही. मी जन्मभर ऐकवलं त्याला."

"कुठलं ते? दाखवा."

वहीबाईनं कागद जवळजवळ हिसकावलाच. गृहस्थ मोजे पुढे करत राहिले. तिनं पान उलटलं आणि चष्मा कपाळावर सारून वाचलं, "प्रसंग बेचाळीस. नटाच्या कपाळावर पट्टी, उजवीकडे. टेक अकरा थांबवला. साहेब दुपारपासून सापडत नाहीत. दिव्यांच्या गाडीमागे बसलेत, हाक मारू नये." खाली तारीख.

वहिनी सतरंजीच्या कडेला टेकल्या, त्यांनी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले.

"पोर गेल्याचा तिसरा दिवस," त्या म्हणाल्या. "मला का नाही सांगितलंस गं?"

"संध्याकाळी आले आणि हेच पान फाडून घेऊन गेले. मला काय माहीत काय लिहितायत? मी पट्टी बघत होते."

वहिनी हसल्या की काय ते कळलं नाही; पदर तोंडावर होता. मग गृहस्थांकडे वळल्या. "आधी माझी मुलगी वाचेल. ती हो म्हणाली, तर न्या. पण कागद लावायचे हिच्या वहीच्या क्रमानं. तारखा हिच्याकडे आहेत, त्याच्याकडे नुसतं 'प्रिय बाळ'."

"आमच्या पद्धतीत बसत नाही."

"मग पद्धत उठवा."

गृहस्थांनी 'किरकोळ' खोडलं. वहीबाई तोवर सतरंजीवर मांडी घालून पानं लावायला बसलीसुद्धा होती. एक्केचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस.

"वहिनी, त्रेचाळीस कुठाय?"

"असेल तिथंच."

"नाहीये. उठा बघू, तुम्ही त्याच्यावर बसलाय का?"