तोंडी सांगितलेली रोपं

आमच्या घरामागे दोन गुंठ्यांचं शेडनेट आहे. त्या हिरव्या जाळीखाली, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आई उसाची रोपं करते. बेण्याच्या कांडीवरचा डोळा काढायचा, औषधात बुडवायचा, कोकोपीटमध्ये लावायचा आणि महिनाभर झारीनं पाणी घालत राहायचं. सणसरच्या आसपास आता बरेच शेतकरी कांडी लावण्याऐवजी रोपंच नेतात. आईची रोपं मरत नाहीत असं लोक म्हणतात. मी तिची मुलगी, त्यामुळे हे मी लिहिणं बरं दिसत नाही, पण म्हणतात खरं.

गेल्या उन्हाळ्यात मागणी जाळीत मावेना. पावसाळ्यातली आडसाली लागण सुरू व्हायच्या आत दुसरं शेडनेट उभं राहायला हवं होतं. नाहीतर गिऱ्हाईक मोठ्या रोपवाटिकांकडे गेलं असतं, आणि एकदा तिकडे गेलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. माझं बारामतीत बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपत आलं होतं. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून कर्जाचं काम माझ्याकडे आलं. कुणी सोपवलं असं नाही. जेवताना वडील म्हणाले, "तुला समजंल बँकेतलं," एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्या नेटच्या खांबांसाठी खड्डे घेत होते. ते बघून मला धडकीच भरली.

कॉलेज सुटल्यावर मी बारामतीतल्या एका बँकेत जायला लागले. शेतीच्या टेबलावर सांगितलं, रोपं विकता म्हणजे हा धंदा झाला, पलीकडे जा. पलीकडच्या टेबलावर सांगितलं, ऊस आहे म्हणजे शेती, तिकडेच जा. दोन्ही टेबलं एकाच पंख्याखाली होती. दोघांनी नुसती मान वळवली असती तरी आपसात बोलता आलं असतं, पण मधून मलाच ये-जा करावी लागली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकानं गावाचं नाव विचारलं आणि म्हणाला, "अहो, तुमचं गाव इंदापूर तालुक्यात. ते आमच्या शाखेला नाहीच." हे पहिल्या दिवशी विचारता आलं असतं, असं मला म्हणायचं होतं. मी "थँक्यू सर" म्हणाले आणि बाहेर येऊन स्टँडवर बराच वेळ रागानं उभी राहिले. राग त्याचा होता की त्या थँक्यूचा, कोण जाणे.

आमच्या गावाला लागणारी शाखा इंदापूरला होती. तिथले साहेब चांगले निघाले. त्यांनी बसायला सांगितलं. मी स्वतः बनवलेला प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांनी शेवटपर्यंत वाचला. बाहेर त्याचे पैसे द्यावे लागतात, म्हणून मी तो कॉलेजच्या लायब्ररीत बसून केला होता.

"चांगलं केलंय," ते म्हणाले. "पण इतकी रोपं खपतील हे कशावरून?"

"ऑर्डर आहेत, सर."

"कुठे आहेत?"

ऑर्डर आईच्या डोक्यात होत्या. आमच्याकडे रोपांची ऑर्डर द्यायची रीत अशी, की माणूस रस्त्यावर मोटारसायकल थांबवतो, खाली उतरत नाही, गाडी चालूच ठेवतो आणि ओरडून सांगतो, "वैनी, विहिरीवरच्या रानाला एकराची ठेवा." आई हातानं बरं म्हणते. झाली ऑर्डर. आजवर सांगून न नेलेला माणूस मला तरी आठवत नाही.

साहेब म्हणाले, "लेखी आणा. नाव, किती रोपं, सही. मी प्रकरण वर पाठवतो."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी एक साधा कागद तयार केला. सगळ्यात वर शाखेचं नाव आणि 'कर्ज प्रकरणासाठी' असं लिहिलं, कारण तो त्यासाठीच होता. झेरॉक्स काढल्या आणि आधी तात्यांकडे गेले. तात्या आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांचं रान वढ्याला लागून आहे.

"तात्या, तुमी आईला एकराची रोपं सांगितलीत न्हवं?"

"सांगितली की. वढ्याकडच्या रानाला."

"तेवढंच हितं लिवायचं हाय. आन् खाली सही."

त्यांनी कागद हात लांब करून धरला. वरची ओळ वाचून ते थांबले. "ह्यात बँक कशाला आलीय?"

"आईच्या शेडनेटचं कर्ज हाय. तुमचा काय संबंध न्हाय त्यात."

"संबंध न्हाय तर सही कशाला?"

"मागणीचा पुरावा म्हणून."

"पोरी, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला मी असाच पुरावा झालतो. दर गळिताला माझ्या उसाच्या बिलातनं कपात. ट्रॅक्टर डोळ्यानं बघितला न्हाय."

आतून काकू म्हणाल्या, "बघितला की. त्येच्या पोराच्या वरातीत."

"तुमी जामीन न्हाय हो होत, तात्या."

"मेव्हणा बी हेच म्हणत हुता." त्यांनी कागद घडी न घालता माझ्या हातात परत दिला. "रोपं नेणार हाय मी. तोंडानं सांगितलंय न्हवं? मग झालं."

पुढच्या घरांतही असंच झालं. आमच्याकडे दुसऱ्याच्या कर्जाला सही करून पोळला नाही असं घर शोधावं लागेल, हे मला माहीत होतं. तरी कागद करताना ते डोक्यात आलं नाही. संध्याकाळपर्यंत चहाच्या हॉटेलात बोलणं सुरू झालं होतं: कॉलेजवाली गावाला जामीन ठेवाया निघालीय.

आणि मोटारसायकली थांबेनाशा झाल्या. माणसं घरासमोरून जायची, मान हलवायची, पुढे जायची. आई झारी घेऊन रस्त्याकडच्या बाजूलाच जास्त वेळ राहायला लागली.

"त्यांनी सांगितलं हुतं ना तोंडानं," ती एकदा म्हणाली.

वडील म्हणाले, "वर बँकेचं नाव टाकायचंच न्हाय."

"पण कागद बँकेसाठीच हाय ना."

"व्हय. पण लिवायचं कशाला?"

दोन मामांनी आणि चुलत्यांनी मात्र सह्या दिल्या. त्या घेऊन मी पुन्हा इंदापूरला गेले. साहेबांनी आडनावं बघितली. "हे सगळे नातेवाईक दिसतात. बाहेरच्यांच्या सह्या आणा."

"बाहेरचे सही करत नाहीत, सर. पण रोपं नेतात."

"नेतात, तर लिहून द्यायला काय हरकत आहे?"

मी त्यांना मेव्हण्याचा ट्रॅक्टर समजावून सांगायला लागले. माझं मलाच ते बावळट वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं खरं असेल हो. पण फाईलमध्ये मी काय लावू?" मी सह्यांचे कागद उचलून परत पिशवीत घातले. परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा तात्यांची गाडी आमच्या दारात थांबली. इंजिन चालूच होतं.

"वैनी, ते कागद हायत का अजून?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी घरातून कागद आणले.

"तुमचा न्हाय ह्यात, तात्या," मी म्हणाले.

"म्हाईत हाय. पर लोक इचारत्यात. रोपं सांगायला गेलं की पोरगी कागद काढती म्हणत्यात. फाड ते."

मी आईकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. मग मी फाडले. आधी कोरे, मग मामांचे, मग चुलत्यांचा. तात्या शेवटचा कागद फाटेपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी गाडी बंद केली आणि खाली उतरले. आमच्या दारात ते उतरलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"आता सांगा. माझी एकराची हायत का?"

"अर्ध्याची देते, तात्या," आई म्हणाली. "बाकीचे बी येतील आता. जाळी येवढीच हाय."

तात्यांची नजर मागच्या खांबांच्या खड्ड्यांकडे गेली. "मग ह्यात नेट कवा टाकताय?"

तुकडे अजून माझ्या मुठीतच होते. "बघू," मी म्हणाले.

त्या लागणीला तात्यांनी अर्धी रोपं आमची नेली आणि अर्धी बाहेरून आणली. कॉलेजला जाताना एस.टी. वढ्याच्या पुलावरून जाते, तेव्हा त्यांचं रान दिसतं. ऊस आता माणसापेक्षा उंच झालाय. त्यातला आमचा कुठला ते मला ओळखू येतं असं वाटतं, पण खात्री नाही. खड्डे वडिलांनी अजून बुजवलेले नाहीत. मीही बुजवा म्हणत नाही.